शेवटचं बोटभर अंतर

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा जोडताना

प्रश्न : ओव्हरहॉल केलेलं इंजिन चेन ब्लॉकला लटकवून गाडीतल्या गिअरबॉक्सला जोडतो आहोत. गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनात जातो, पण शेवटी साधारण १५ मिलिमीटर फट उरते ती काही केल्या मिटत नाही. बेल हाउसिंगला (क्लचवरचं घंटेसारखं कवच) लांब बोल्ट लावून थोडं थोडं आवळत आणलं तर चालेल का?

उत्तर : नाही. पाना आधी खाली ठेवा. बोल्ट आवळून फट मिटते खरी, पण ती मिटताना आत काहीतरी वाकतं किंवा फुटतं. कधी क्लच प्लेटचा हब (मधला दातेरी भोकाचा भाग) वाकतो, कधी पायलट बुशची (क्रँकच्या मागच्या टोकातली, शाफ्टचं टोक पेलणारी छोटी नळी) कड चेपते, कधी बेल हाउसिंगचा अॅल्युमिनियमचा कानच तुटून हातात येतो. कान तुटला तर निदान लगेच कळतं. वाकलेली प्लेट मात्र सगळी गाडी जोडून झाल्यावर, पहिला गिअर टाकताना कळते. नीट रांगेत आलेलं इंजिन हाताच्या जोराने शेवटपर्यंत सरकतं. बोल्टचं काम नंतरचं, बसलेल्या जोडाला धरून ठेवण्याचं.

अडलंय कुठे, ते शोधायला एक सोपी परीक्षा आहे. गिअरबॉक्स टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचा फ्लँज हाताने हलवा. प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असेल तर मागचं एकच चाक उचलून ते फिरवा. शाफ्ट मोकळा फिरला, तर स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे उभे दात, अजून क्लच प्लेटच्या हबमध्ये शिरलेलेच नाहीत. फ्लँज थोडा थोडा फिरवत राहा आणि दुसऱ्याला इंजिन मागे रेटायला सांगा, दात खाचेत बसतील. फिरवताना शाफ्ट अडला आणि इंजिनही त्याच्याबरोबर हलू पाहत असेल, तर स्प्लाइन बसले आहेत आणि शाफ्टचं बारीक टोक पायलट बुशच्या तोंडाशी अडकलं आहे. टोकाची लांबी मोजून ठेवली असेल तर उरलेल्या फटीशी ती ताडून पाहा. दोन्ही जवळपास सारखी असतील तर शंकाच नको.

टोक बुशपाशी अडण्याची कारणं दोन : क्लच प्लेट मध्यावर नाही, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स एका कोनात नाहीत. आधी कोन तपासा, कारण त्यासाठी काही उघडावं लागत नाही. फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी व्हर्नियरने मोजा. वर १८ आणि खाली १२ आली, तर इंजिनाची मागची बाजू वर उचललेली आहे किंवा गिअरबॉक्सचं नाक वर आहे. इंजिन काढल्यावर गिअरबॉक्स बहुधा मागच्या एकाच माउंटिंगवर राहतो आणि पुढे झुकतो, म्हणून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावायचा आणि चारही मापं एक मिलिमीटरच्या फरकात आणायची. इंजिनाचा कल साखळीच्या कड्या पुढेमागे घेऊन बदलतो. मधोमध एकाच दोराने टांगलेलं इंजिन हवं तसं झुकवता येत नाही, तेव्हा पुढे आणि मागे असे दोन धरे हवेतच.

कोन जुळला की स्पार्क प्लग काढून घ्या, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. एकाने स्टार्टिंग हँडलने ते जेमतेम चार-पाच अंश पुढेमागे करायचं, दुसऱ्याने इंजिन डावीउजवीकडे हलकेच झुलवत मागे रेटायचं. आटे इंजिनाच्या बाजूला असतील तर त्याच आट्यांचे दोन १०० मिलिमीटर लांबीचे बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला करवतीने स्क्रू-ड्रायव्हरपुरती खाच पाडा आणि समोरासमोरच्या दोन भोकांत लावा. या खुंट्यांवरून बेल हाउसिंग सरळ सरकतं. एवढ्या एका गोष्टीने निम्मी कटकट वाचते.

फट नुसती दोन-तीन मिलिमीटरच उरली असेल तर आतला शाफ्ट सोडा, बाहेर पाहा. डॉवेलवरचा (दोन भाग नेमक्या जागी आणणारी खुंटी) गंज, जोडाच्या कडेवर साचलेला रंग, मध्ये सापडलेली वायर किंवा अर्थ पट्टी, यांपैकी काहीतरी निघतं. आणि इंजिनामागची पत्र्याची प्लेट? ती बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलच्या आधी चढवावी लागते. विसरली तर सगळं परत उतरवणं आलं.

या सगळ्यात एक पथ्य : शाफ्ट हबमध्ये आणि गिअरबॉक्सचं किंवा इंजिनाचं वजन त्या शाफ्टवर, असं क्षणभरही सोडू नका. दुसरा पाना आणायला जाण्यापुरतंही नाही. हबभोवतीचा पत्रा त्या वजनाने वाकतो आणि बाहेरून काही दिसत नाही.


प्रश्न : क्लच प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे? आणि मध्यावर आणायचं खास टूल नसेल तर?

उत्तर : प्लेटवर शिक्का असेल तर तो प्रमाण. नसेल तर बहुतेक प्लेटींत स्प्रिंगांचा फुगवटा आणि हबची लांब बाजू गिअरबॉक्सकडे येते. खात्री करायला प्लेट नुसती फ्लायव्हीलवर धरून हाताने फिरवा. हब फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासला तर बाजू उलटी आहे.

टूल म्हणून त्याच गिअरबॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम. नाहीतर लाकडी दांडा चालतो : टोक पायलट बुशमध्ये मुळीच न डुगडुगता बसेल इतकं, आणि हबपाशी चिकटपट्टीचे वेढे देऊन हबच्या आतल्या मापाइतकं जाड. नुसत्या नजरेने प्लेट मध्यावर आणणारे लोक आहेत. त्यांच्यातलेच बरेचसे वरच्या प्रश्नातली फट घेऊन बसलेले असतात.

बसवण्यापूर्वी प्लेट इनपुट शाफ्टवर चढवून पाहा. ती स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. अडत असेल तर स्प्लाइनवरचा गंज आणि कड बारीक तेल-दगडाने काढा. मग उष्णता सोसणारं मॉलिब्डेनमचं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं घेऊन स्प्लाइनवर पसरवा, प्लेट एकदा आतबाहेर करा आणि कडेला गोळा झालेलं पुसून टाका. जास्तीचं ग्रीस फिरताना थेट लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या पकड घेणाऱ्या थरावर, उडतं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, एका वेळी अर्धा आटा, असे आवळत जा. एकीकडून आवळत गेलात तर कव्हरचा पत्रा पिळला जातो आणि क्लच पकड घेताना गाडी थरथरते. उघडतानाही हाच क्रम. टॉर्क मॅन्युअलमधला घ्या. मॅन्युअल नसेल आणि बोल्ट ८ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे असतील तर साधारण २५ न्यूटन-मीटर. शेवटी टूल बाहेर काढून पुन्हा आत घाला. दोन्ही वेळा ते बोटांच्या जोराने गेलं पाहिजे. अडकलं तर सगळे बोल्ट सैल करून परत. कंटाळा येतो, पण इंजिन दुसऱ्यांदा उतरवण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम आहे.


प्रश्न : बेल हाउसिंगमध्ये काळी भुकटी साचली आहे. कॉम्प्रेसरने उडवू का?

उत्तर : मुळीच नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. साबणाचं पाणी फवारून भुकटी ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाका. योग्य दर्जाचा मास्क लावा. जुन्या प्लेटचं लायनिंग कोरड्या पॉलिश पेपरने घासून 'ताजं' करण्याचा प्रकारही याच कारणासाठी बंद करावा.


प्रश्न : पायलट बुश बदलायचा आहे. जुना निघत नाही, आणि नव्यात ग्रीस भरायचं की तेल, यावर दोन मेकॅनिकची दोन मतं.

उत्तर : बुशमागचं भोक बंद असेल तर ते जाड ग्रीसने काठोकाठ भरा. बुशच्या आतल्या मापात घट्ट जाणारा गोल दांडा त्यात धरा आणि हातोडी मारा. ग्रीसला जायला दुसरी वाट नसल्यामुळे ते बुशच्या मागून दाब देतं आणि बुश बाहेर येतो. मध्येमध्ये ग्रीस पुन्हा भरावं लागेल. दांडा सैल असेल तर बुशऐवजी ग्रीसच तोंडावर येतं, म्हणून चष्मा घाला. याने नाही जमलं तर बुशच्या आत टॅपने आटे पाडून त्यात बोल्ट घाला. बोल्ट मागच्या भिंतीला टेकला की आवळताना बुश ओढला जातो.

ग्रीस की तेल, हे बुश कशाचा आहे त्यावर ठरतं. बहुतेक ठिकाणी तो दाबून भाजलेल्या ब्राँझच्या भुकटीचा, सच्छिद्र असतो. त्याची छिद्रं हीच त्याची तेलाची टाकी. असा बुश इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवा. घाई असेल तर बुश अंगठ्यावर उभा धरा, आत तेल भरा, वरून दुसऱ्या अंगठ्याने दाबा. बाहेरच्या अंगावर तेलाचे घामासारखे थेंब आले की झालं. ग्रीसने छिद्रं बुजतात. माप घट्ट वाटलं म्हणून रीमर फिरवला तरी तेच होतं. बसवताना शाफ्टच्या टोकाच्या मापाचा गुळगुळीत खांद्याचा दांडा वापरा, म्हणजे ठोकताना आतलं माप राहतं. काही गाड्यांत बुशऐवजी सुयांचं बेअरिंग असतं, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलमध्ये ते फ्लायव्हीलच्या मधल्या मोठ्या नटातच बसलेलं आहे. त्याला मात्र ग्रीसच, आणि तेही बोटभर नव्हे, चिमूटभर.

हा बुश इतका दुर्लक्षित का राहतो, त्याचंही कारण आहे. पेडल सोडलेलं असताना शाफ्ट आणि क्रँक एकाच गतीने फिरतात, बुशला काही काम नसतं. पेडल दाबलं की मगच शाफ्ट त्याच्यात फिरतो. म्हणून कोरड्या बुशची किंकाळी फक्त पेडल दाबल्यावर ऐकू येते, आणि लोक ती रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच उघडणारं बेअरिंग) समजून नको ते बदलत बसतात.


प्रश्न : बोल्टांच्या डब्यात सारखेच दिसणारे पण आटे न जुळणारे बोल्ट निघाले आहेत. गाडी ब्रिटिश, १९४७ ची.

उत्तर : त्या काळच्या गाडीत हे होणारच. ३/८ इंचाच्या बीएसएफ (जुना ब्रिटिश बारीक आटा) बोल्टला इंचात २० आटे, त्याच मापाच्या यूएनएफला (नंतर आलेला सामायिक बारीक आटा) २४. ५/१६ मध्ये हे आकडे २२ आणि २४. शिवाय बीएसएफच्या आट्यांचा कोन ५५ अंश, यूएनएफचा ६०. सुरुवातीचे दोन आटे चुकीचा बोल्टही गोड बोलून आत जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे पाना लावला की अॅल्युमिनियममधले आटे मेले. एमजीच्या टीसी मॉडेलच्या इंजिनात तर आणखी गंमत आहे. आटे मेट्रिक आणि डोक्याला पाना व्हिटवर्थचा. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना विकत घेतला, त्याच्याबरोबर तिथली मेट्रिक यंत्रंही आली. पाने मात्र देशभर व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, होते.

नियम एकच : प्रत्येक बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. शंका आली तर थ्रेड गेज लावा. लांबीही पाहा. अॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट लांबीचे आटे धरलेले हवेत, पण बंद भोकात बोल्ट तळाला टेकता कामा नये. टॉर्क पाना क्लिक करतो आणि जोड सैलच राहतो. उतरवताना पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा गोल काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला, तर हा प्रश्न पुढच्या वेळी उरणार नाही.


प्रश्न : टॉप गिअर सुटतो. गिअरबॉक्समध्ये दोष सापडत नाही. मागच्या जोडणीत दोन डॉवेल सापडले नव्हते, त्यांच्याविनाच बोल्ट लावले. याचा संबंध असेल का?

उत्तर : दाट संबंध आहे. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, ती जागा ठरवत नाहीत. जागा ठरवतो डॉवेल. तो नसला की गिअरबॉक्स क्रँकच्या मध्यरेषेपासून थोडा बाजूला बसतो. शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकडा खेचला जातो, बुश झिजतो आणि टॉप सुटतो.

बेल हाउसिंग गिअरबॉक्सपासून वेगळं होत असेल तर मोजता येईल. डायल गेजचा चुंबक फ्लायव्हीलवर, काटा हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेवर, आणि इंजिन हँडलने सावकाश एक पूर्ण फेरा. काट्याचा एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत असावा, हे सर्वसाधारणपणे मानलं जाणारं माप. ०.४० आला तर केंद्र त्याच्या निम्मं, ०.२० सरकलेलं आहे. हाउसिंगच्या मागच्या सपाट चेहऱ्यावरही असाच फेरा घ्या. फक्त त्या वेळी क्रँक एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर तिचा पुढेमागे होणारा प्ले काट्यात मिसळतो. चूक निघाली तर आधी दोन्ही चेहऱ्यांवरचा रंग आणि ओरखडे साफ करून पुन्हा मोजा. बऱ्याचदा तेवढंच असतं. नाहीतर बोल्ट जेमतेम टेकवून हाउसिंग लाकडी हातोडीने सरकवत जागेवर आणा, आवळा, पुन्हा मोजा आणि मग डॉवेलची भोकं रीमरने मोठी करून नवे डॉवेल बसवा.

हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकाच ओतिवाचे असतील तर हे मोजमाप जमत नाही. तिथे मूळ मापाचे डॉवेल करून घेण्याला पर्याय नाही.


प्रश्न : १९२० च्या दशकातली गाडी. इंजिन आणि गिअरबॉक्स मुळातच वेगळे, मध्ये छोटा शाफ्ट आणि फॅब्रिकच्या चकत्या. ही रांग कशी जुळवायची?

उत्तर : बेंटलीच्या ३ लिटरसारख्या त्या काळच्या कित्येक गाड्यांत अशीच रचना आहे. इथे बेल हाउसिंग आपोआप काही जुळवून देत नाही, सगळं तुमच्यावर. चकत्या काढून ठेवा. दोन्ही फ्लँजवर खडूने एकाच रेषेत खूण करा. खुणेपाशी फीलर गेजने फट मोजा, मग दोन्ही फ्लँज बरोबरीने पाव फेरा फिरवून पुन्हा त्याच खुणेपाशी मोजा. असं चार वेळा. फ्लँज स्वतः वाकडा असला तरी बरोबरीने फिरवल्यामुळे ती चूक मापात येत नाही, उरतो तो फक्त शाफ्टचा कोन. वरखाली फरक आला तर गिअरबॉक्सच्या पायाखाली पितळी किंवा पोलादी पत्रा, डावाउजवा आला तर पाय सरकवून. फरक पाव मिलिमीटरच्या आत आणा. फॅब्रिक याहून जास्तही सोसतं, पण लवकर फाटतं.

शेवटचं माप गाडी स्वतःच्या चाकांवर, बॉडीच्या वजनासह उभी असताना घ्या. घोड्यांवर (स्टँडवर) ठेवलेली चासी वेगळी वाकते. रबर किंवा पुठ्ठ्याचं पॅकिंग पायाखाली घालू नका, ते दबतं.


प्रश्न : सगळं जोडलं. पेडल पूर्ण दाबूनही पहिला आणि रिव्हर्स कर्रकन आवाज करूनच पडतो.

उत्तर : पेडल दाबून दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी बाहेरच्या गोष्टी पाहा. पेडलचा मोकळा प्ले सळई किंवा केबलच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत २० ते २५ मिलिमीटर ठेवतात. तो दुप्पट असेल तर क्लच उघडायचा प्रवास वाया जातो. हायड्रॉलिक असेल तर हवा काढा. पेडल भराभर दोनदा मारल्यावर गिअर नीट पडत असेल तर हवाच आहे.

बाहेर काही निघालं नाही तर प्लेट वाकलेली, उलटी किंवा स्प्लाइनवर अडकलेली, नाहीतर पायलट बुश शाफ्टला धरतो आहे. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरकते. त्यात बाहेरच्या कडेला एक मिलिमीटर हेलकावणारी प्लेट कशी सुटणार? नवी प्लेटसुद्धा बसवण्यापूर्वी शाफ्टवर फिरवून पाहावी. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलली तर परत करावी.

प्ले दुसऱ्या टोकालाही नेऊ नका. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नसून कार्बनच्या कड्याचं असतं. प्ले संपला की ते सतत घासत राहतं आणि संपतं. त्याला ग्रीस लावायचं नसतं.


प्रश्न : स्टार्टर मारला की अॅक्सिलरेटरची केबल तापते, एकदा धूरही निघाला.

उत्तर : इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी लावायची राहिली आहे, किंवा नव्या रंगावर लावली आहे. इंजिन रबर माउंटिंगवर असल्यामुळे स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो आणि ती वाट केबलची निघते. बॅटरी सोडा, पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग चकाकेपर्यंत खरवडा, लावा. केबल बदला, आतलं अस्तर जळालेलं असणार.


प्रश्न : बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकतं. इंजिनाचं की गिअरबॉक्सचं? आणि त्या भोकात एक सैल कॉटर पिन लोंबते आहे, ती कुठून निसटली असेल?

उत्तर : पांढऱ्या कागदावर दोन-चार थेंब धरा. वापरलेलं इंजिन ऑइल काळपट असतं, गिअर ऑइल पिवळसर, दाट आणि उग्र वासाचं. दोन्हीकडे एकच तेल घालायची गाडी असेल, तशा बऱ्याच आहेत, तर रंगावरच भिस्त ठेवावी लागेल. गाडी इंजिन चालू असताना गळते की रात्रभर उभी राहिल्यावर, हेही पाहा.

इंजिनाचं निघालं तरी लगेच इंजिन उतरवू नका. जुन्या इंजिनांत मागच्या बाजूला रबरी सील नसून क्रँकवर उलट्या आट्यांची खाच असते. ती फिरताना तेल आत ढकलते. क्रँककेसमध्ये दाब वाढला की तिचं काही चालत नाही. ब्रीदरची नळी आणि जाळी रॉकेलने धुऊन मोकळी करा आणि आठवडाभर पाहा. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही उतरवा. इंजिन खाली असतानाच मात्र कॅमशाफ्टच्या मागचं झाकण आणि ऑइल गॅलरीचे प्लग तपासून घ्यायला हवेत, फ्लायव्हील चढल्यावर ते दिसत नाहीत.

पिन कुठूनही निसटलेली नाही. ती तिथलीच आहे. गाडीच्या हादऱ्याने ती हलत राहते आणि भोकात चिखल साचू देत नाही. काढू नका, आणि भोकही बुजवू नका. बुजवलंत तर ठिबकणारं तेल आतच साचून क्लचवर जाईल.